क्युरेटरची नोकरी सोडून स्वतःचं सांस्कृतिक काम : पैसा, करार आणि कागदपत्रं कशी लावायची?

चित्रवाट (पुणे) — प्रश्न

नमस्कार मंडळी,

एका खासगी कलादालनात काही वर्षं क्युरेटर म्हणून काम करते आहे. विषय ठरवणं, स्टुडिओत जाऊन कामं निवडणं, कॅटलॉगचा मजकूर, मांडणी हे सगळं अंगवळणी पडलं आहे. आता स्वतःचं काम उभं करायचं आहे. तीन कामं डोळ्यांसमोर आहेत. पहिलं, कंपन्या आणि हॉटेलांसाठी कलासंग्रह निवडून लावून देणं. दुसरं, सांगली, कोल्हापूर, नागपूर अशा ठिकाणी फिरती प्रदर्शनं नेणं. तिसरं, दिवंगत चित्रकारांच्या घरी पडून असलेल्या कामांची रीतसर नोंदणी करून देणं.

कलेबद्दल विचारायचं नाही, व्यवहाराबद्दल विचारायचं आहे. मोबदला शुल्क म्हणून घ्यावा की विक्रीवर टक्का? नोंदणी कंपनी म्हणून करावी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) की सेक्शन ८ (ना-नफा कंपनी)? सीएसआरचा (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा) पैसा मिळेल असं सगळे सांगतात, तो नव्याने सुरू करणाऱ्याला खरोखर मिळतो का? आणि चित्रांची ने-आण, विमा यात नेमकं कुठे बिनसतं? आजवर हे दालनाचं ऑफिस बघत होतं.

---

दालनातला खिळा

मोबदल्याचा प्रश्न आधी सोडवा, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं राहतं.

क्युरेटरकडे विकण्यासारखी एकच गोष्ट असते: त्याच्या निवडीवरचा विश्वास. हॉटेलवाला तुम्हाला चित्रं निवडायला बोलावतो आणि त्याच चित्रांवर तुम्ही गॅलरीकडून किंवा चित्रकाराकडून गुपचूप टक्का घेता, त्या दिवशी तो विश्वास संपतो. असं लपत नाही. चित्रकार एकमेकांशी बोलतात आणि ग्राहकाचा माणूस कधीतरी थेट स्टुडिओत भाव विचारतोच. म्हणून प्रत्येक कामासाठी एकच टोपी घाला. सल्लागार असाल तर पैसे फक्त ग्राहकाकडून, आणि चित्रकाराचं बिल थेट ग्राहकाच्या नावाने. विक्रेत्या असाल तर टक्का घ्या, पण 'निष्पक्ष सल्ला' हे शब्द प्रस्तावात घालू नका. दोन्ही करायचंच असेल तर टक्क्याचा आकडा दोघांच्याही करारात लिहा.

शुल्क लावताना 'क्युरेशन फी' असा एकच आकडा देऊ नका. ग्राहकाला वाटतं, चार चित्रं निवडायचे एवढे पैसे? काम फोडून दाखवा: जागेची पाहणी आणि भिंतींची मापं, संकल्पना आणि लांब यादी (लागतील त्याच्या तिप्पट कामं), छोटी यादी आणि किमती, चित्रकारांशी करार, चौकटी, वाहतूक आणि विमा, मांडणी, लेबलं आणि भिंतीवरचा मजकूर, शेवटी छायाचित्रांसह संग्रहाची वही. प्रत्येक टप्प्याला किंमत लावा आणि दुरुस्तीच्या फेऱ्या मोजून द्या. मी दोन फेऱ्या लिहायला सांगेन. तिसरीपासून वेगळे पैसे. हे लिहिलं नसेल तर मालक, मालकीणबाई, आर्किटेक्ट आणि मार्केटिंगचा प्रमुख अशा चार आवडीनिवडींमध्ये छोटी यादी महिनोन्‌महिने फिरत राहते.

हप्ते ४०-३०-२०-१० ठेवा: सही होताना ४०, छोटी यादी मंजूर झाली की ३०, कामं जागेवर पोचली की २०, मांडणी झाली की १०. शेवटचा हप्ता १० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, कारण उद्घाटन झाल्यावर ग्राहकाला घाई उरत नाही. चित्रांची किंमत या हिशेबात मिसळू नका. ती ग्राहकाने थेट भरावी.

विक्रीच्या प्रदर्शनात दालनाचा टक्का साधारण ३० ते ५० असतो. टक्क्यावरून भांडणं कमी होतात, सवलतीवरून जास्त. खरेदीदार १० टक्के कमी करून मागतो. ती सवलत चित्रकाराच्या वाट्यातून, तुमच्या की दोघांच्या? कन्साइनमेंट करारात (चित्र विक्रीसाठी तुमच्याकडे ठेवण्याच्या करारात) हे वाक्य असलंच पाहिजे. सोबत कामांची यादी (माप, माध्यम, वर्ष, किंमत), कामं किती दिवस तुमच्याकडे राहणार, विक्री होईपर्यंत मालकी चित्रकाराचीच, परत पाठवायचा खर्च कोणाचा, आणि पैसे जमा झाल्यापासून ३० दिवसांत चित्रकाराचा वाटा. तो वाटा वेगळ्या बँक खात्यात ठेवा. चालू खात्यात पडून राहिलेले चित्रकाराचे पैसे भाड्यात आणि पगारात कधी गेले हे कळतही नाही.

एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये मुंबईत 'केमोल्ड' नावाने चौकटींचा धंदा सुरू केला. दुकानाच्या काचेत ते नव्या चित्रकारांची कामं लावायचे. जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड आली ती १९६३ मध्ये. म्हणजे दोन दशकं चौकटी आधी, गॅलरी नंतर. आधुनिक भारतीय चित्रांना गिऱ्हाईक जेमतेम होतं त्या काळात नेमाने येणारा पैसा चौकटींचा होता. तुमच्या तीन कामांपैकी चौकटीची जागा कोणतं काम घेणार ते ठरवा. माझ्या मते संग्रह-नोंदणी. त्यात भांडवल लागत नाही, विक्रीवर अवलंबून राहावं लागत नाही आणि दर महिन्याला बिल करता येतं.

---

ताळेबंद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता कागद.

सुरुवातीला प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या मालकीचा व्यवसाय) पुरते. भागीदार असेल तर एलएलपी: उलाढाल ४० लाखांपर्यंत आणि भांडवल २५ लाखांपर्यंत असेल तर ऑडिट सक्तीचं नाही. प्रायव्हेट लिमिटेडला पहिल्या वर्षापासून ऑडिट लागतं, तो खर्च आत्ता कशाला?

जीएसटी: सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख. सल्ल्याच्या शुल्कावर आणि विक्रीच्या कमिशनवर १८ टक्के. हाताने केलेल्या चित्रांवर आणि मूळ शिल्पांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के (आधी १२ होता). हे दोन दर एकाच बिलात, एकाच ओळीत आले की गोंधळ होतो. सल्ल्याचं बिल वेगळं, चित्राचं वेगळं.

नव्या माणसाचा हात अडकतो तो इथे. १० लाखांचं काम धरा. बिल ११.८० लाखांचं. ग्राहक १० लाखांवर १० टक्के टीडीएस (तुमच्या नावाने आधीच भरला जाणारा आयकर) कापून १०.८० देतो. त्यातले १.८० लाख सरकारचे. तुमच्या खर्चावर भरलेला जीएसटी त्यातून वजा होतो, पण आधी भरावा लागतो. म्हणजे हातात ९ लाख. टीडीएसचा १ लाख कर-विवरण भरल्यावर हिशेबात येतो. त्यात पुन्हा पैसे आले नसले तरी बिल काढलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरावाच लागतो. म्हणून सगळं काम संपल्यावर एक मोठं बिल काढू नका. टप्पा मंजूर झाल्याचा ईमेल आला की त्या टप्प्याचं बिल. त्याआधी मागणीपत्र म्हणून प्रोफॉर्मा द्या. लक्षात ठेवा, सेवेसाठी आगाऊ रक्कम आली की तिच्यावरही कर लागतो.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) पहिल्याच आठवड्यात करा, फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, आणि मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही दिले नाहीत तर त्या वर्षी त्याला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. मार्च जवळ आला की अकाउंट्स विभाग स्वतःहून फोन करतो.

चित्रं चित्रकाराकडून तुमच्याकडे प्रदर्शनासाठी आली तर ती विक्री नव्हे. डिसेंबर २०१७ च्या जीएसटी परिपत्रकात (क्र. २२/२२/२०१७) हे स्पष्ट केलं आहे. पाठवणारा डिलिव्हरी चलन करतो, आणि चित्र विकलं जाईल तेव्हाच कर. सहा महिन्यांत विक्री किंवा परत, ही मर्यादा फिरत्या प्रदर्शनात हमखास ओलांडली जाते, तेव्हा तारखांची वही ठेवा. राज्याबाहेर जाताना ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. चलनावर 'पेंटिंग्ज – २० नग' असं लिहून भागत नाही. प्रत्येक कामाचं शीर्षक, माप, किंमत लिहा.

---

सावली_दुपारची

सीएसआरबद्दल: 'मिळेल' म्हणणाऱ्यांनी नियम वाचलेले नसतात.

कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती आणि वारसा हा विषय आहे, हे खरं. पण कंपनी पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करणार असेल तर ती संस्था ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन ८ कंपनी हवी, आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे (एमसीए) सीएसआर-१ नोंदणी हवी, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. आज सेक्शन ८ कंपनी काढली तर उद्या सीएसआर मिळत नाही. शिवाय सेक्शन ८ मध्ये नफा वाटून घेता येत नाही. तुम्हाला ठरलेला पगार किंवा शुल्क घेता येतं, तेही कामाच्या मानाने रास्त हवं.

मार्ग आहे. ज्या संग्रहालयाकडे किंवा ट्रस्टकडे हे कागद तयार आहेत त्यांच्या नावाने प्रस्ताव जाऊ द्या, आणि तुम्ही त्यांच्या कंत्राटदार व्हा. प्रस्तावात शाळांच्या भेटी, मार्गदर्शक प्रशिक्षण, मराठीत मजकूर असे मोजता येतील असे भाग ठेवा. कंपनीचं नाव चमकावणं हाच हेतू दिसला तर सीएसआर समिती तो प्रस्ताव मार्केटिंगकडे ढकलते. ढकलू द्या, मार्केटिंगचं बजेट लवकर सुटतं आणि त्याला तीन वर्षांची अट नसते.

सरकारी वास्तू, खासगी पैसा आणि जाणकारांची देखरेख एकत्र कशी येते ते भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या उदाहरणात बघा. २००३ मध्ये मुंबई महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इन्टॅक (वारसा जतन करणारी संस्था) यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, आणि संग्रहालय २००८ मध्ये पुन्हा खुलं झालं. मालकी पालिकेचीच राहिली.

---

फोम_आणि_प्लायवूड

वाहतुकीवर लिहितो, कारण याच भागात लोक पैसे वाचवतात आणि याच भागात चित्रं मरतात.

कंडिशन रिपोर्ट (चित्राच्या स्थितीची लेखी नोंद) तीन वेळा: चित्र मूळ जागेवरून निघताना, तुमच्याकडे उघडल्यावर, परत जाताना. दर वेळी दोघांच्या सह्या. फोटो असे घ्या: पूर्ण पुढची बाजू, पूर्ण मागची बाजू, चारही कोपरे जवळून, सही, आणि एक फोटो बाजूने तिरपा उजेड टाकून. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. समोरून न दिसणारी भेग, उचललेला रंग, कॅनव्हासचा फुगवटा तिरप्या उजेडात लगेच दिसतो. 'ठीक आहे' असं लिहू नका. 'खालचा डावा कोपरा, कडेपासून ४ सेंमी वर, २ सेंमी लांबीची बारीक भेग, रंग सुटलेला नाही' असं लिहा. नुकसान झालं की विम्याचा सर्व्हेयर पहिल्यांदा हेच मागतो.

बांधणी: रंगाच्या पृष्ठभागाला बबल रॅप थेट लागता कामा नये. अॅक्रिलिक रंग गरमीत मऊ होतो, आणि मे महिन्यात बंद टेम्पोत बबलचे गोल ठसे कायमचे उमटतात. ताज्या तैलरंगाचंही तेच. आधी ग्लासीन (पातळ, गुळगुळीत) कागद, पुठ्ठ्याचे कोपरे, मग बबल रॅप आणि तोही फुगे बाहेरच्या बाजूला. ताज्या किंवा जाड रंगाच्या चित्राला ग्लासीनही लावू नका. पृष्ठभागाला काहीच टेकणार नाही अशी ट्रॅव्हल फ्रेम करून घ्या. काच असेल तर काचेवर मास्किंग टेपच्या पट्ट्या जाळीसारख्या मारा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. अॅक्रिलिक शीटवर मात्र टेप नको, डाग राहतात. पेस्टल आणि चारकोलवर अॅक्रिलिक शीटच नको. स्थिर विजेने भुकटी ओढली जाते.

क्रेट (वाहतुकीची पेटी) प्लायवूडचा, आतून किमान ५ सेंमी पॉलिथिलीन फोम, झाकण खिळ्यांनी नाही तर बोल्टने. फिरत्या प्रदर्शनात तो प्रत्येक गावी उघडायचा असतो. परदेशी पाठवणार असाल तर प्लायवूडला चालतं, पण कडेच्या कच्च्या लाकडाच्या पट्ट्यांवर आयएसपीएम-१५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का हवा. त्या पट्ट्यांमुळे क्रेट बंदरात अडकतो.

पोचल्यावर लगेच उघडू नका. एसी दालनात क्रेट २४ तास बंद ठेवा. पावसाळी दमट हवेतून आलेली चौकट एकदम कोरड्या गार हवेत उघडली की कागद लहरतो, काचेच्या आत दव धरतं आणि मग बुरशी. हवेतली आर्द्रता ५० ते ५५ टक्के धरली जाते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती दिवसात खालीवर होऊ नये. संध्याकाळी दालन बंद करताना एसी बंद करणारी जागा कागदावरच्या कामांसाठी घेऊ नका. जलरंग, छायाचित्रं, कापड यांवर उजेड ५० लक्स, तैलरंगाला २०० पर्यंत. लक्स मीटर स्वस्तात मिळतो, फोनच्या अॅपवर विसंबू नका. जिल्ह्याच्या सभागृहांत बहुतेकदा खिडक्या झाकाव्याच लागतात. काळं कापड बजेटमध्ये आधीच धरा.

विमा 'खिळ्यापासून खिळ्यापर्यंत' घ्या, म्हणजे चित्रकाराच्या भिंतीवरून निघाल्यापासून तिथे परत लागेपर्यंत. नुसता ट्रान्झिट विमा प्रदर्शनातल्या दिवसांना लागू होत नाही, आणि टांगताना पडलं तर ट्रान्झिटची आणि प्रदर्शनाची अशा दोन्ही पॉलिसी हात वर करतात. 'अॅग्रीड व्हॅल्यू' (आधीच ठरवलेली किंमत) मागा, म्हणजे नुकसानीनंतर किमतीवर वाद होत नाही. दुरुस्तीनंतर चित्राची किंमत जी उतरते ती भरून मिळणार का, हेही विचारा. वगळलेल्या गोष्टी वाचा: कीड, मुळातला दोष, रात्री माणसाविना उभं ठेवलेलं वाहन. हे शेवटचं कलम पुणे–नागपूर प्रवासात नक्की आडवं येतं, कारण ड्रायव्हर ढाब्यावर झोपतो. दोन ड्रायव्हर द्या, किंवा मुक्कामाला पहारा असलेली जागा आधी ठरवा आणि विमा कंपनीला कळवा.

टांगणीचा हिशेब मदतनिसांना लिहून द्या. चित्राचा मध्य जमिनीपासून १४८ सेंमी. चित्र ९० सेंमी उंच असेल तर निम्मे ४५. मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ८ सेंमी खाली येत असेल तर खिळा १४८ + ४५ − ८ = १८५ सेंमीवर. तार हाताने ओढून, ताणलेलीच मोजा. ढिली मोजली तर प्रत्येक चित्र वेगळ्या उंचीवर बसतं आणि अख्खी ओळ पुन्हा काढावी लागते.

---

चित्रवाट (पुणे)

मनापासून आभार सगळ्यांचे. तिसऱ्या कामाबद्दल एक उपप्रश्न: काही घरांत शंभर वर्षांहून जुनी चित्रं आणि लघुचित्रांच्या पोथ्या आहेत. त्यांची नुसती यादी करताना मी कायद्याच्या कचाट्यात येईन का? आणि दिवंगत चित्रकाराच्या कामांचे फोटो पुस्तकात छापायला परवानगी कोणाची?

---

मोडीवाचक

यादी करायला बंदी नाही. पण १९७२ चा पुरावस्तू आणि कलाखजिना कायदा ओळखीचा हवा. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावस्तू ठरू शकतं. शिल्पं, चित्रं आणि सचित्र पोथ्यांची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद सक्तीची आहे, आणि वस्तू नव्याने ताब्यात आली तर मुदत १५ दिवसांची. मालकी बदलली तरी कळवावं लागतं. यादी देताना कुटुंबाला हे लेखी सांगा. वस्तू स्वतःच्या ऑफिसात ठेवू नका, फोटो आणि मापं त्यांच्या घरीच घ्या. विक्रीत मध्यस्थी कराल तर पुरावस्तू व्यवहाराचा परवाना लागतो. देशाबाहेर नेता येत नाही.

शंभर वर्षं झाली नसली तरी काही चित्रकारांची कामं कलाखजिना म्हणून बाहेर जाऊ शकत नाहीत: राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, निकोलस रोरिक, शैलोज मुखर्जी. बाकीच्या जुन्या चित्रांना परदेशी प्रदर्शनासाठी पाठवताना 'पुरावस्तू नाही' असा दाखला आधी घ्या. कस्टम्समध्ये उभं राहून तो मिळत नाही.

छापण्याबद्दल: चित्र विकत घेतलं म्हणजे छापायचा हक्क येत नाही. कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, म्हणजे वारसांकडे. वारस तिघे असतील तर तिघांच्या सह्या घ्या, थोरल्या मुलाची एकट्याची पुरत नाही. हक्क लिहून घेताना मुदत आणि प्रदेश नमूद करा. केला नाही तर कायद्याने ५ वर्षं आणि फक्त भारत असं धरलं जातं, आणि सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती अडते.

हॉटेलांच्या कामात आणखी एक कलम घाला: भित्तिचित्र किंवा शिल्प काढायचं, कापायचं, हलवायचं असेल तर चित्रकाराला आधी लेखी कळवायचं. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प काढून टाकलं गेलं तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते त्यांना परत द्यायला लावलं आणि ५ लाखांची भरपाई दिली. हॉटेलं दर काही वर्षांनी नूतनीकरण करतात, त्यामुळे हा प्रसंग येणारच.

---

दालनातला खिळा

फिरत्या प्रदर्शनाच्या वेळापत्रकाबद्दल राहिलं होतं.

कोची-मुझिरिस बिएनाले या केरळमधल्या, दर दोन वर्षांनी भरवायच्या कलाप्रदर्शनाचा प्रवास नीट वाचा. बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे मुंबईत काम करणारे दोन चित्रकार. २०१० मध्ये फाउंडेशन, १२ डिसेंबर २०१२ ला पहिली आवृत्ती, केरळ सरकारच्या मदतीने. कलाकारांनी उभ्या केलेल्या संस्थेचं आपल्याकडचं इतकं मोठं उदाहरण दुसरं नाही. आणि त्याच बिएनालेची २०२२ ची आवृत्ती उद्घाटनाच्या आदल्या दिवशी २३ डिसेंबरपर्यंत पुढे ढकलावी लागली. मालाची उशिरा आलेली जहाजं, पाऊस, न झालेल्या जागा अशी कारणं पुढे आली. सहभागी कलाकारांनी जाहीर पत्र लिहिलं, आणि त्यात एक मोठी तक्रार वेळेवर माहिती न मिळाल्याची होती.

तुमच्या प्रमाणात याचा अर्थ असा: उद्घाटनाच्या तारखेवरून मागे मोजा. कामं दालनात १० दिवस आधी, जागा रंगवून आणि विजेसह तयार १४ दिवस आधी, विमा आणि चलनं २१ दिवस आधी, शेवटची यादी बंद ६० दिवस आधी. भाडं ठरवताना मांडणीचे आणि उतरवण्याचे दिवस धरून तारखा घ्या. बहुतेक सभागृहं 'सोमवार ते रविवार' देतात आणि सोमवारीच उद्घाटन छापलेलं असतं. दोन गावांमध्ये किमान आठवड्याची मोकळीक सोडा, तेवढ्यात कंडिशन रिपोर्ट आणि चौकटींची दुरुस्ती होते. उशीर होतोय असं दिसलं की त्याच दिवशी सगळ्या चित्रकारांना एकच ईमेल टाका: काय अडलंय, नवी तारीख कोणती, त्यांचं काम आत्ता कुठे आणि कोणाच्या विम्याखाली आहे.